तांबड्या फडक्यातला कागद

उस्मानपुरा, औरंगाबाद
४ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. साळूवहिनींस,
चतुराचा सा. न. वि. वि.

तुमच्या लग्नानंतरचा पहिला पाडवा आठवतो का हो वहिनी? सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटला ईस्टरची सुट्टी लागली होती आणि मी घरी आले होते. ओसरीवर बसून आपण दोघी देवघरातल्या कागदासाठी नवं तांबडं फडकं शिवत होतो. दोरा ओवायचं काम माझं, टीप घालायचं तुमचं. मी थुंकी लावून दोरा ओवला तर तुम्ही मला रागे भरलात, देवाच्या फडक्याला उष्टा दोरा चालत नाही म्हणालात. मग पाणी लावलं, तेल लावलं, दोरा काही सुईत जाईना. शेवटी इकडे तिकडे बघून तुम्हीच हळूच थुंकी लावलीत! आपण इतक्या हसलो की आप्पा बाहेर येऊन बघून गेले. त्याच दिवशी मी घडीचा कोपरा जरा उचलला होता, आत काय आहे बघावं म्हणून. तुम्ही बोटावर अशी चापट मारलीत की बोट अजून आठवण काढतं.

आणि काल तेच पुडकं पोस्टानं माझ्या दारात! वहिनी, कमाल केलीत. दादा कडब्याच्या शोधात आठ दिवस परभणीकडे गेले आहेत तेवढ्यात कागद वाचून घ्यायचा, त्याची मराठी नक्कल करायची आणि पाडव्याला गावापुढे वाचून त्यांना चकित करायचं, हा बेत मला फार आवडला. स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांचा दगड गावात बसतो आहे आणि त्यावर पुंजाआजोबांचं नाव येणार, तर कागदात काय आहे हे गावाला कळायलाच हवं. पण मी स्वतः तो वाचू शकत नाही. कॉन्व्हेंटमध्ये माझ्याकडून बायबल पाठ करवून घेतलं, मला पियानोवर बोटं फिरवायला शिकवलं, पण उर्दूचा अलिफसुद्धा मला येत नाही.

शेजारचे हमीदुद्दीनसाहेब कचेरीत पेशकार होते. त्यांनी कागद दिव्याजवळ धरला आणि म्हणाले की हा शिकस्ता आहे, घाईनं लिहायचा दफ्तरी हात. उर्दू येणाऱ्यालाही हा सहजी लागायचा नाही. भिंग घेऊन चार-सहा दिवस बसावं लागेल. मी त्यांना आजोबांच्या काळची सगळी हकीकत सांगितली. नव्या पैमाईशीत, म्हणजे जमीनमोजणीत, सारा दुपटीनं वाढला, त्यात सलग दोन वर्षं पाऊस नाही. तेव्हा बोरवाडीनं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, नांगर उलटे करून दारात ठेवले आणि सगळं गाव गुरांसकट डोंगरात निघून गेलं. पेरायला माणूसच नाही तर सारा कोण देणार! पुढे कुणीतरी फितूर झालं, पाच जण हर्सूलच्या तुरुंगात गेले, आणि शेवटी पुंजाआजोबांनी तहसीलदारापुढे उभं राहून निम्मा सारा माफ करून आणला, तोच हा कागद. साहेबांनी मान डोलावली. अशी माणसं आता कुठे, म्हणाले.

दादांना काही बोलू नका. विहिरी आटल्या असतील तिकडे, पण आपला लोभ आटू देऊ नका.

तुमची,
चतुरा

•

बोरवाडी
१२ फेब्रुवारी ७३

चि. चतुरावन्संना साळूबाईचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. थुंकीची गोष्ट कागदावर लिवायची व्हय? उद्या पोस्टमननं वाचली तर माझी अब्रू गेली म्हणायची. तुमीच मला बाराखडी शिकवली, आता माझी वाकडी अक्षरं तुमीच भोगा.

इकडं हाल काय सांगू. आपल्या विहिरीत सकाळी चार घागरी पाणी येतं, मंग नुसता चिखल. गावातल्या बाया सडकेच्या कामावर खडी फोडाया जातात, सुकडी मिळती, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर खाऊन पोरांची पोटं बिघडली. ह्यांनी गुरं इकली नाय अजून, पण रोज गोठ्यात जाऊन उभे राहतात.

दगडाचं सांगते. दगड लई देखणा हाये, काळा, एका अंगानं आरशावानी. सांडूचा नातू फकिरा खाणीवर कामाला हाये, त्यानंच तो अख्खा काढला, तडा जाऊ दिला नाय. पण कमिटीवाले म्हनले दगड राहू दे, तू हात लावून गावात आणू नको. फितुराच्या घरचा हात लागाया नको म्हणं. बैलगाडीत दुसऱ्यांनी घातला. फकिरा मागं मागं चालत आला अन् वेशीपाशी थांबला. मला लई वाईट वाटलं वन्सं. त्याच्या आज्यानं पाप केलं आसंल, त्यानं काय केलं?

भागूबाई आली हुती मग. सांडूची लेक, फकिराची आत्या, शहाऐंशी वरसांची म्हातारी, काठी टेकत. नेहमीचंच बोलली. माझा बाप फितूर नव्हता, तुरुंगात तोंडातून रगत पडाया लागलं म्हणून त्याला दोन महिन्यात सोडला, बाकीचे वरीसभर राह्यले, त्यात त्याचा काय गुन्हा. पयला सुटला म्हणजे त्यानंच नावं सांगितली, हे आधी कुणी बोललं ते तरी सांगा. आता हे कोण सांगणार? बाप तीन महिन्यात मेला तिचा, खांदा द्यायला चार माणसं नाय मिळाली. तेव्हापासून पाडव्याची शेरणी त्या दारावरून पुढं जाती. मी सून होऊन आले तेव्हा सासूबाईनं ताट माझ्या हातात दिलं अन् बजावलं, सगळ्या गावाला गूळखोबरं दे, त्या दारी थांबू नको. चव्वेचाळीस वरसं मी तिथनं मान खाली घालून जाते. म्हातारी दारात उभी राहती. हात पुढं करत नाय, नुसती उभी राहती.

म्हणून म्हणते, कागद वाचून झाला की बघा त्यात फितुराचं काय लिवलंय का. तिला एकदा कळू तरी द्या.

पोटभर जेवत जा. एकट्या बाईनं सैपाक करायचा कंटाळा करू नये. लोभ हाये तसाच ठेवा.

साळूबाई

•

उस्मानपुरा
२० फेब्रुवारी १९७३

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

वहिनींनी कागद मला पाठवला हे तुम्हाला आता कळलं असेल. त्यांना रागे भरू नका. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा. मी तीन दिवस लिहायला बसते आहे आणि उठते आहे.

परवा दुपारी हमीदुद्दीनसाहेब आले. बसायच्या आधी पाणी मागितलं. मी पेला आणला तर तो त्यांनी माझ्यापुढेच सरकवला, आधी तुम्ही प्या म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. एकदा वाचून झाल्यावर मी पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं ते जसंच्या तसं लिहिते.

फसली तेराशे एक (म्हणजे इसवी १८९१-९२). मौजे बोरवाडीची रयत सारा चुकवण्यासाठी गाव सोडून डोंगरात गेली. तिच्या पाच म्होरक्यांची नावं आणि त्यांच्या लपण्याची जागा पुंजाराम वल्द दौलती यानं स्वखुशीनं सरकारात येऊन कळवली. या खैरख्वाहीबद्दल (म्हणजे सरकारनिष्ठेबद्दल) ओढ्याकाठची चाळीस बिघे जमीन त्याला व त्याच्या वंशाला बक्षीस. पुढे पाच नावं आहेत. पहिलं नाव सांडू.

दादा, साऱ्याच्या माफीचा त्यात एक शब्द नाही. साहेब म्हणाले की त्या साली दुष्काळामुळे सगळ्याच तालुक्यात सरकारनं निम्मा सारा सोडला होता, त्यासाठी कुणाला तहसीलदारापुढे उभं राहावं लागलं नसेल. पडीक रान आजोबांनी कसून पिकाऊ केलं असं आपण ऐकत आलो. ते रान बक्षीस होतं. ज्या कागदासाठी मी दोरा ओवला, ज्याला आई हळदकुंकू वाहायची, तो हा कागद. आपण ऐंशी वर्षं एका चहाडीची पूजा केली.

मला आजोबा आठवतात ते पांढऱ्या मिशांचे, मला मांडीवर घेऊन हुरडा भरवणारे. त्यांचंच बोट धरून मी सांडूच्या पडक्या घरावरून जात असे आणि ते म्हणायचे, इकडे बघायचं नाही बाळ. मी कधी बघितलं नाही. आज्ञाधारक मुलगी म्हणून मदर मला दर वर्षी बक्षीस द्यायच्या.

पाडव्याला अजून दीड महिना आहे. दगडावर अक्षरं खोदायला सुरुवात झाली नसेल तर ती थांबवा. गावाला तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून गेलं तर घराचं थोडं तरी राहील. मी तुमच्या शेजारी येऊन उभी राहीन.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

धाकटी बहीण,
चतुरा

•

बोरवाडी
१ मार्च

चि. चतुरास आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझ्या वहिनीनं कुठं हात घातला हे तिला कळलं नाही, ती अडाणी आहे. तू तर शिकलेली आहेस.

कागदात काय आहे ते मला सत्तावीस वर्षांपासून माहीत आहे. आप्पांनी मरताना सांगितलं. आप्पा उर्दू शिकलेले, त्यांनी तरुणपणीच तो वाचला होता. आपल्या मुलांनी तो वाचू नये एवढीच त्यांची इच्छा. तेव्हा चौथीच्या पुढं सगळी शाळा उर्दूतून. मला चौथीतून काढलं. गुरुजी दोनदा घरी आले, पोरगं हिशेबात हुशार आहे म्हणून. आप्पांनी माझ्या हातात कासरा दिला. तू हट्टी, तुला शिकायचंच होतं, म्हणून तुला दूर इंग्रजीत घातलं. तुला वाटतं आप्पांचं तुझ्यावर फार प्रेम. असंल. पण तुला मडमांची शाळा अन् मला नांगर हे दोन्ही त्या कागदामुळं. आयुष्यभर तू सुट्टीला आलीस की मी तुझी ट्रंक स्टेशनवरून डोक्यावर आणली. कधी बोललो नाही.

कागद दोनदा चुलीपाशी नेला. आप्पांनी जपलेला, जाळवला नाही. दुसरा कोरा कागद फडक्यात घालावा असंही वाटलं, पण देवापुढं खोटं ठेवायला हात धजला नाही.

आता तू म्हणतेस गावाला सांगा. दुष्काळ पडलाय, गोठा रिकामा व्हायची वेळ आली, ह्या गावात आपल्याजवळ नावाशिवाय काय राहिलंय? माझ्या नातीची सोयरीक ठरते आहे. जे मेले ते मेले. भागूबाई आज आहे, उद्या नाही.

तरी तुझ्या शब्दाला मान देतो. दगडावर कुणाचंच नाव घालणार नाही, नुसतं गावाचं नाव घालू. कागद परत पाठव. अन् हे आपल्या दोघांत राहू दे.

कारभारी

•

बोरवाडी
१९ मार्च

वन्संना साळूबाईचा आशीर्वाद.

तुमचं पत्र नाय म्हणून मी लई दिवस रुसले हुते. कागद वाचून झाला अन् मला चार वळी लिवायला बाईसाहेबांना सवड नाय, असं मनात म्हणत हुते. आता कळलं, पत्र का आलं नाय ते. काल ह्यांचा कोट उन्हात टाकाया घेतला तर आतल्या खिशात तुमचं पत्र. एक एक अक्षर लावून वाचलं. दोनदा वाचलं. मंग कोट तिथंच टाकून बसले.

तुमाला सांगते काय झालं ते. आठ दिसांमागं चावडीवर कमिटी बसली. कुणीतरी इचारलं, कागद शहरात धाडलाय म्हणं, काय निघालं? तर हे उठून उभे राह्यले अन् म्हनले, माझ्या बहिणीनं वाचून घेतलाय. ती कॉन्व्हेंटात शिकलेली, खोटं बोलायची नाय. पुंजाबाबांनीच सारा माफ करून आणला, अन् फितूर सांडूच हुता, तसं सरकारी कागदात लिवलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पाथरवटानं दगडावर नाव घातलं. पुंजाराम दौलती, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. खाली तुरुंगात गेलेल्यातले चौघं. सांडू नाय.

मला तवा आनंद झाला हुता वन्सं. मीच भागूबाईला सांगाया गेले. तुमीच म्हणाल ही बाई किती येडी. म्हटलं तिचा संशय फिटंल. ती उंबऱ्यावर बसली हुती. तिनं इचारलं, चतुरीनं वाचलं का? ती पोर लहानपणी माझ्या दारासमोरून जायची, मान वळवायची नाय, पण मागं राहून एकदा बोरं टाकून गेली हुती माझ्या वट्यावर. तिनं वाचलं म्हणजे खरं आसंल. मग तिनं हातातली काठी खाली ठेवली. अन् म्हनली, सत्तर-ऐंशी वरसं मी बापासाठी भांडले, तो तसाच हुता म्हणायचा. तवापासून तिनं बोलणंच सोडलंय. फकिरा म्हणतो भाकर पुढं ठेवली तर बघत नाय. कालच्याला म्हणं, मेल्यावर मला बापाच्या शेजारी पुरू नका, एवढंच बोलली.

हे तिला मारलं कुणी? ह्यांनी, तुमच्या नावानं. अन् मी, माझ्या पायानं तिथवर जाऊन.

ह्यांना मी काल बोलले. जल्मात पयल्यांदा. म्हटलं तुमी कोट घालून फिरता त्याच्या खिशात हे घेऊन? हे म्हनले, बाईनं चूल बघावी. मी चूल पेटवली नाय. रातच्याला जेवलो नाय दोघं बी.

पाडव्याला शेरणीचं ताट माझ्याच हातात असतं. दुसऱ्या कुणाच्या नाय. आता तुमी सांगा मी काय करू. तुमी सांगाल तसं करते. भेत नाय, पण एकटीला सुचत नाय.

साळूबाई

•

उस्मानपुरा
२५ मार्च १९७३

ती. सौ. साळूवहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून माझी ती जुनी लाकडी पेटी उघडी पडली आहे. कॉन्व्हेंटचं सगळं त्यात ठेवलेलं. मुलींचा फोटो, पांढरे मोजे, सत्य बोलण्याबद्दल मिळालेलं एक बक्षिसाचं पुस्तक. मी पहिल्यांदा त्या शाळेला निघाले त्या दिवशी आप्पांनी रेल्वेच्या खिडकीतून माझ्या हातात पेरू दिले होते आणि गाडी सुटेपर्यंत रुमालानं डोळे टिपत उभे होते. पन्नास वर्षं मी ते डोळे जवळ बाळगले. आता कळत नाही की ते कशासाठी रडत होते. दादांचं पत्र आलं तेव्हा मला आप्पांचा राग आला. तुमचं पत्र आलं तेव्हा दादांचा. दादांनी चावडीवर माझं नाव वापरलं, आणि भागूबाईनं जगात ज्या एका माणसाचा शब्द खरा मानला ते माणूस मी होते. बोरं टाकली होती ती मला आठवतसुद्धा नाहीत, वहिनी.

दादांना एवढं सांगा. देवापुढं खोटं ठेवायला ते भ्याले, भागूबाईपुढं ठेवायला भ्याले नाहीत. आणि हेही सांगा की चौथीतून काढलेल्या मुलाचं मला खरंच वाईट वाटतं. माझी ट्रंक त्यांनी डोक्यावरून आणली ती मी विसरणार नाही. पण त्यांच्यावर झालेला अन्याय सांडूच्या घरानं केला नव्हता.

मी पाडव्याच्या सकाळी पहिल्या एस.टी.नं येते. हमीदुद्दीनसाहेब सोबत आहेत. वय बहात्तर, गुडघे दुखतात, तरी म्हणाले की वाचलं मी आहे, तर उभंही मीच राहिलं पाहिजे. आम्ही तुमच्या दारी न येता थेट मारुतीच्या पारावर जाऊ. कागद मी गावापुढे उघडणार आहे. ते उर्दूत वाचतील, मी मराठीत सांगेन. दादांना आमच्यासोबत उभं राहायचं असेल तर जागा आहे.

पण भागूबाईला पाडव्यापर्यंत थांबवू नका. पत्र हातात पडताच जा आणि सांगा. चतुरीनं वाचलं ते हे, आणि बाकी सगळं तिच्या नावावर बोललेलं खोटं. चतुरी स्वतः येते आहे. सोबत पाठवलेली नक्कल मी मोठ्या अक्षरात लिहिली आहे. तुम्ही तिला ती वाचून दाखवा. सांडू हे नाव पहिलं आहे, तिथे बोट ठेवून दाखवा. तिला वाचता येत नसलं तरी.

आता कुणाला काय द्यायचं ते नीट लिहून ठेवते, कारण त्या दिवशी गडबडीत माझं मन थाऱ्यावर नसेल.

मूळ कागद फकिराला. तो देवघरात ठेवायचा, जाळायचा की दगडाखाली पुरायचा, हे त्यानं ठरवायचं. आपण कुणी सांगायचं नाही.

दुसरी नक्कल शाळेच्या हेडमास्तरांना, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मुलांना वाचता येईल. तिसरी दादांना. त्यांनी ती खिशात ठेवली तरी चालेल.

ओढ्याकाठच्या रानाचा आप्पांनी माझ्या नावावर केलेला अर्धा भाग फकिराला. वकिलाकडून कागद तयार करून आणते आहे. उरलेल्या अर्ध्याचं दादांनी काय करायचं ते मी सांगणार नाही.

पाथरवटाला नवं धोतर माझ्याकडून, आणि त्यानं पुंजाराम हे नाव छिन्नीनं काढून तिथे सांडूचं घालायचं. दगड खरवडल्यासारखा दिसेल. दिसू दे. दगड आता फकिराच्या हातानं बसवायचा.

बक्षिसाचं पुस्तक मी पेटीतच ठेवते आहे, ते कुणालाच नको. आप्पांचं फाउंटन पेन मात्र फकिराच्या नातीला, ती तिसरीत आहे असं तुम्ही मागे लिहिलं होतं. तिला उर्दू शिकायची असेल तर साहेब शिकवायला तयार आहेत.

तांबडं फडकं तुम्हाला. तुम्हीच शिवलं होतं. त्याची पिशवी करा, पोतेरं करा.

आणि शेरणी. ताट तुमच्या हातात असेल. गावाला द्यायच्या आधी, आपल्या घरातही कुणाला द्यायच्या आधी, सरळ भागूबाईच्या दारी जा. तिला दात नाहीत, म्हणून तिच्या वाट्याचं खोबरं आदल्या दिवशीच बारीक किसून ठेवा आणि गूळ कुटून त्यात कालवा. तिच्याकडे कुणी कधी शेरणी नेली नाही, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. ती हात पुढे करणार नाही, तिला सवय नाही. तुम्हीच तिचा हात हातात घ्या, त्यावर शेरणी ठेवा, मूठ मिटून द्या, आणि आपला हात लगेच काढून घेऊ नका.

माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा जपावा.

तुमची,
चतुरा